एकाच गळ्याचे दोन आवाज

दहावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वीची मे महिन्याची सुटी मी मडगावला मामांकडे काढली. साल १९८५. मामांच्या शेजारी बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. सगळा वाडा त्यांना 'अंकल' म्हणे. परदेशी बंदरांत घेतलेल्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांचे एक कपाट भरलेले होते. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झाले की ते व्हरांड्यात खुर्ची टाकत, लाखेची एक जड तबकडी फडक्याने पुसत आणि मला बोलावत, "आयक रे पुता!" त्या सुटीत मी ज्या आवाजाच्या प्रेमात पडलो तो होता नॅट किंग कोल या अमेरिकन गायकाचा, आणि गाणे होते 'मोना लिसा'. इंग्रजी मला बेताचेच कळत होते, पण तो आवाज कळायला भाषेची गरज नव्हती.

पुढे १९९१ साली, एम.ए. करीत असताना, बेळगावच्या खडेबाजारात त्याच गायकाच्या निवडक गाण्यांची एक कॅसेट दिसली. शिकवणीचे पैसे खिशात होते. घेतली, घरी आणली, आणि पहिल्याच गाण्याला अडखळलो. गाणे तेच, चाल तीच, गायकही तोच. पण अंगणात ऐकलेला आवाज हा नव्हे. हा अधिक खाली उतरलेला, थोडा जाड, थोडा सावध. वाटले, सहा वर्षांत आपलीच आठवण बिघडली असेल. त्या दिवाळीत कॅसेट घेऊन मडगावला गेलो आणि अंकलच्या तबकडीशेजारी ती लावली. दोन्ही वेगळी होती. अंकल हसले. म्हणाले, "हा एकतीस वर्षांचा कोल आणि हा बेचाळीस वर्षांचा. तुझ्या कॅसेटवर साल लिहिले आहे का बघ." उलटसुलट करून पाहिले. कुठेही साल नव्हते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कोणता मिळणार? गेली अनेक वर्षे नववीच्या वर्गात साधनांचा धडा शिकवताना मी ही गोष्ट सांगत आलो आहे. ती मुळापासून सांगायची तर आधी या गायकांची ओळख करून दिली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत गायकांची एक मोठी पिढी होऊन गेली. बिंग क्रॉस्बी, फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल, पेरी कोमो, डॉरिस डे, रोझमेरी क्लूनी, जो स्टॅफर्ड, पॅटी पेज आणि वयाने धाकटा जॉनी मॅथिस ही त्यांतली ठळक नावे. रॉक संगीताच्या आधीची ही परंपरा म्हणून तिला तिकडे 'ट्रॅडिशनल पॉप' म्हणतात. आपल्याकडे जवळची तुलना करायची तर भावगीताशी करता येईल. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारा वेगळा. मैफल सभागृहापेक्षा घरातल्या रेडिओची. आणि सगळा भर शब्द नीट, हळुवारपणे पोचवण्यावर. १९२५ नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत ओरडून गाण्याची गरज उरली नाही. मायक्रोफोनच्या कानात कुजबुजावे तसे गाता येऊ लागले. क्रॉस्बीने हे लवकर ओळखले आणि बाकीचे त्याच्यामागून आले.

तरीही १९४०च्या आसपास गायक हा वाद्यवृंदाचा नोकरच होता. तबकडीवर मोठ्या अक्षरांत वाद्यवृंदाच्या चालकाचे नाव असे आणि गायकाचे बारीक अक्षरांत. हे चित्र पालटायला एक संप कारण झाला. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. जेम्स पेट्रिलो हा तिचा अध्यक्ष. तबकड्यांमुळे वादकांची रोजंतारी बुडते, तेव्हा कंपन्यांनी त्यांच्या निधीत भर घातली पाहिजे, अशी मागणी होती. डेका कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, पण कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. या काळात वादक नव्हते, पण गायक त्या संघटनेचे सभासद नसल्यामुळे त्यांना गाता येत होते. कंपन्यांनी वाद्यांच्या जागी मागे माणसांचे कोरस उभे केले आणि गायकांना पुढे आणले.

दुसरी युक्ती अधिक सोपी होती. नवा माल नाही, तर जुना बाहेर काढायचा. हॅरी जेम्स याच्या वाद्यवृंदाबरोबर १९३९ साली गायलेले सिनात्राचे एक गाणे कोलंबियाच्या कोठारात पडून होते. पहिल्या खेपेला त्याला फारसे कोणी विचारले नव्हते. १९४३ मध्ये तीच तबकडी नव्या चिठ्ठीसह बाजारात आली. या वेळी सिनात्राचे नाव ठळक होते. ती तुफान खपली. गाण्यात एका सुराचाही फरक नव्हता. बदलली होती ती चिठ्ठी. 'जुने गाणे हेसुद्धा भांडवल आहे' हा धडा कंपन्यांनी तिथे गिरवला. पुढच्या सगळ्या संकलनांचे बीज या घटनेत आहे, असे मला वाटते.

'आल्बम' हा शब्द आपण लग्नाच्या फोटोंसाठी वापरतो. ध्वनिमुद्रिकांचा आल्बमही मुळात तसाच होता. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. म्हणून तीन-चार तबकड्या कागदी पाकिटांत घालून ती पाकिटे पुठ्ठ्याच्या बांधणीत शिवत. मार्च १९४५ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यवसाय-पत्राने अशा आल्बमांच्या खपाची यादी प्रथम छापली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर होता किंग कोल ट्रायोचा आल्बम. जून १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांची लाँग प्लेइंग तबकडी, म्हणजे आपली एलपी, आणली. दहा इंची एलपींच्या मालिकेत सुगम गायनाचा मान मिळाला सिनात्राच्या 'द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा' या संग्रहाला. तो १९४६ साली चार तबकड्यांचा आल्बम म्हणून आधीच निघालेला होता. म्हणजे नवे यंत्र आले तेव्हा त्यावर चढली ती जुनीच गाणी. कॅसेट, सीडी आणि मोबाईल आले तेव्हाही हेच झाले.

आता दोन आवाजांच्या प्रश्नाकडे येऊ. एकच गाणे पुन्हा का गावे?

पहिले कारण झिजण्याचे. क्रॉस्बीने 'व्हाइट ख्रिसमस' २९ मे १९४२ रोजी डेकासाठी गायले. युद्धाचे दिवस होते, घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी ते गाणे उचलून धरले. तबकड्या ज्या मूळ साच्यावरून काढतात तो साचा इतक्या वेळा वापरला गेला की तो खराब झाला. म्हणून १९ मार्च १९४७ रोजी तोच वाद्यवृंद आणि तोच कोरस बोलावून, शक्य तितके हुबेहूब, ते पुन्हा गाऊन घेण्यात आले. आज नाताळात जगभर वाजते ते बहुतेक हे दुसरे गाणे. युद्धातल्या शिपायाने ऐकले ते वेगळे होते.

दुसरे कारण यंत्राचे. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या सर्रास निघू लागल्या. एका बाजूने व्हायोलिने, दुसऱ्या बाजूने पितळी वाद्ये, मधोमध गायक, असे ऐकण्याची लोकांना चटक लागली. जुनी गाणी या नव्या कसोटीला उतरेनात. म्हणून १९६१ मध्ये कॅपिटॉल कंपनीने 'द नॅट किंग कोल स्टोरी' हा तीन एलपींचा संच काढला, तेव्हा कोलने आपली जुनी गाजलेली गाणी स्टिरिओसाठी नव्याने गायली. माझ्या कॅसेटवरचा आवाज हा होता. अंकलची तबकडी १९५० सालची होती.

तिसरे कारण मालकीचे, आणि ते सर्वांत बोलके आहे. ध्वनिमुद्रण कंपनीचे असते, गळा गायकाचा. सिनात्रा १९४३ ते १९५२ कोलंबियाकडे होता, १९५३ पासून कॅपिटॉलकडे, आणि १९६० मध्ये त्याने 'रिप्राइज' ही स्वतःची कंपनी काढली. जुन्या दोन्ही कंपन्यांकडे त्याची गाणी होती आणि त्या ती हव्या तशा जुळवून विकू शकत होत्या. तेव्हा त्याने १९६३ साली 'सिनात्राज सिनात्रा' या नावाने आपलीच जुनी गाणी आपल्याच कंपनीसाठी पुन्हा गायली. त्यांतले 'नॅन्सी' त्याने १९४५ मध्ये कोलंबियासाठी गायले होते. १९६५ मध्ये पन्नाशीनिमित्त निघालेल्या 'अ मॅन अँड हिज म्युझिक' या दोन एलपींच्या संचातही पुन्हा गायलेली गाणी आहेत, आणि मधूनमधून तो स्वतः आपली कहाणी सांगतो. क्रॉस्बीने १९५४ साली पाच एलपींचे 'संगीत-आत्मचरित्र' काढून ही वाट आधीच पाडली होती. काही गाणी नव्याने गायची, जोडीला स्वतःचे निवेदन. आत्मचरित्रकार आपले तारुण्य उतारवयात लिहितो. हे ते उतारवयात गातात.

'ग्रेटेस्ट हिट्स' हे आज घासून गुळगुळीत झालेले नाव मात्र जॉनी मॅथिसच्या संग्रहाने रूढ केले असे मानतात. मार्च १९५८ मध्ये कोलंबियाने त्याची सुटी सुटी गाजलेली गाणी एका एलपीवर आणली. तेव्हा मॅथिस जेमतेम बावीस वर्षांचा होता आणि त्याची कारकीर्द दोन वर्षांची. त्या वयात 'सर्वोत्तम गाणी' कसली, असे कोणालाही वाटेल. पण हा संग्रह 'बिलबोर्ड'च्या यादीत ४९० आठवडे राहिला. नऊ वर्षांहून अधिक! हा विक्रम १९८३ पर्यंत कोणी मोडला नाही. कारण उघड होते. तरुण मुले छोट्या तबकड्या घेऊन रॉकच्या मागे गेली होती. एलपी विकत घेणारा ग्राहक होता संसारी माणूस. संध्याकाळी दमून येणाऱ्या या माणसाला शोधाशोध नको होती. निवडून, वेचून, ताटात वाढलेले हवे होते.

निवड म्हटली की वगळणे आलेच. नॅट किंग कोलच्या बाबतीत काय वगळले गेले ते पाहण्यासारखे आहे. तो मुळात पियानोवादक, आणि तोही पहिल्या पंगतीतला. पियानो, गिटार आणि बास एवढ्या तीन वाद्यांचा त्याचा ट्रायो १९४०च्या दशकात जॅझच्या जाणकारांत वाखाणला जाई. पण लोकप्रिय संकलनांत बहुधा १९५० नंतरचा, व्हायोलिनांच्या दुलईत गुंडाळलेला कोलच भेटतो. पियानोवर बसलेला कोल त्या कव्हरवरून उठून गेला आहे.

त्याहून मोठी गोष्ट कव्हरवर मावणारीच नव्हती. कोल कृष्णवर्णीय होता. जन्म अलाबामातला, १९१९ चा. १९४८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत वस्तीत घर घेतले, तेव्हा तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी विरोध केला. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरात, गोऱ्या श्रोत्यांसमोर गात असताना, काही जणांनी रंगमंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. तो लोकांना आवडत होता, मोठमोठे गायक येऊन गात होते; पण देशभरचा एकही मोठा प्रायोजक पुढे आला नाही, आणि डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद पडला. १९६५ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कोल फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. 'सदाबहार' गाण्यांची यादी वाचून यातले काही कळत नाही. तो गोड आवाज किती कडू दिवसांतून आला होता हे न कळताच आपण डोलत राहतो.

मृत्यूनंतरही संकलनांचे चक्र थांबले नाही. रीडर्स डायजेस्ट टपालाने जाडजूड संच पाठवी. दूरचित्रवाणीवर जाहिराती करून संकलने विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. १९७८ मध्ये, कोल जाऊन तेरा वर्षे झाल्यावर, त्याच्या वीस गाण्यांचे एक संकलन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९९१ मध्ये त्याची मुलगी नॅटली कोल हिने वडिलांच्या मुद्रित आवाजासोबत 'अनफर्गेटेबल' गायले. बाप पडद्याआड गेलेला, लेक समोर, आणि दोघांचे युगुलगीत! कोणाला हे हृद्य वाटले, कोणाला यंत्राची करामत. मला वाटते ते दोन्हीही होते.

याच सुमारास सीडींचे नवे संच निघू लागले, आणि त्यांत एक चांगली गोष्ट घडली. काही चोखंदळ संपादकांनी प्रत्येक गाण्यापुढे ध्वनिमुद्रणाची तारीख, संगीत-संयोजक, वादक यांची नोंद द्यायला सुरुवात केली. पण उलटी गंगाही वाहत राहिली. युरोपात १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क पन्नास वर्षांनी संपला. पुढे मुदत सत्तर वर्षे झाली तरी ही गाणी मोकळीच राहिली. त्यामुळे कोणीही उठावे आणि पन्नास गाण्यांचा स्वस्त संच काढावा असे झाले. त्यांत पुष्कळदा ना तारीख, ना तपशील. मोबाईलवरच्या याद्यांतही १९५० आणि १९६१ शेजारी शेजारी बसतात आणि ऐकणाऱ्याला पत्ता नसतो.

आपल्या लोकांचा या सगळ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. या गाण्यांच्या वाद्यवृंदाची पद्धत मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. 'चिक चॉकलेट' म्हणून गाजलेले अँतोनियो वाझ हे गोव्याचे ट्रम्पेटवादक, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या १९५१ सालच्या 'अलबेला'त ती वाद्ये कशी खणखणतात ते आपण सर्वांनी ऐकले आहे.

आणि 'दोन आवाजां'चा प्रश्न तर आपल्या देवघरापर्यंत येऊन पोचला आहे. 'गीतरामायण' म्हटले की आपल्या कानांत सुधीर फडके यांचा आवाज घुमतो. पण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्याला सादर होई, तेव्हा निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशांचे आवाज त्यात होते. पुढे एकट्या बाबूजींच्या आवाजात ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या घरोघरी गेल्या, आणि तोच मूळ पाठ ठरला. त्या ध्वनिमुद्रिकांचे मोल यत्किंचितही कमी होत नाही. पण आमच्या आधीच्या पिढीने रेडिओला कान लावून ऐकले ते दुसरे होते, एवढे तरी माहीत असावे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि बखरींवर विसंबू नका, मूळ कागद शोधा, असा धोशा लावला. मी मुलांना सांगतो की निवडक गाण्यांचे संकलन ही बखर आहे. ती रसाळ असते, मागाहून रचलेली असते, रचणाऱ्याच्या सोयीने रचलेली असते. ती जरूर वाचावी. मात्र मूळ पत्रावरची तारीख पाहिल्याशिवाय तिला साक्षीला उभी करू नये.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगतो? शहाणपणाच्या नव्हे, एका चुकीच्या. १९९१ च्या त्याच दिवाळीत मला वाटले, अंकलच्या तबकड्या आपल्याकडे असाव्यात. मी स्वतःचे संकलन करायला बसलो. मामांच्या खणात एक कॅसेट सापडली. तिच्यावर नाव नव्हते, तारीख नव्हती. कोरी समजून मी एक अख्खी बाजू भरली. कोल, सिनात्रा, जो स्टॅफर्ड, माझ्या आवडीच्या क्रमाने. रात्री सगळ्यांना ऐकवायला लावली. शेवटचे गाणे संपले, टेप फिरत राहिली, आणि अचानक जात्याची घरघर आणि आजीचा आवाज आला. दोन वर्षांपूर्वी गेलेली आमची आजी ओवी म्हणत होती. दीड मिनिट. मग टेप संपली. मामांनी कधीतरी माजघरात तिच्या ओव्या मुद्रित केल्या होत्या आणि कॅसेटवर काही लिहायचे राहून गेले होते. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मामी आत उठून गेली. मागील बाजू लावून पाहिली, ती रिकामी होती.

ते दीड मिनिट आजही माझ्याकडे आहे. त्यावर मी लिहून ठेवले आहे: 'आजी, जात्यावर, मडगाव, मामांच्या अंदाजाने १९८३.' त्याआधीच्या अर्ध्या तासातली माझी आवडती गाणी जगात हजार ठिकाणी मिळतात. त्यांच्याखाली जे होते ते कुठेही मिळत नाही.

या सीमाभागात आपल्या घरांत दोन-दोन, तीन-तीन भाषा नांदतात. आजीची ओवी, आत्याचे आरतीतले कोंकणी शब्द, शेजारच्या अज्जींचे कन्नड पद. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे आणि प्रत्येक जण मुद्रण करतोच आहे. नववीच्या मुलांना मी दर दिवाळीच्या सुटीत एकच गृहपाठ देतो. घरातला एक आवाज मुद्रित करा, आणि त्याखाली कोण, कुठे, कोणत्या तारखेला हे तीन तपशील लिहा. सुटीनंतर निम्मी मुले तारीख विसरून येतात. मी त्यांना परत पाठवतो.